दहा वेळा लिहा

आमचे बाबा गावच्या शाळेत इंग्रजी शिकवतात. सातवीच्या पोरांना ते दरवर्षी एक वाक्प्रचार घोटून पाजतात. ओव्हर द मून. अर्थ, आनंद गगनात न मावणे. वाक्यात उपयोग, आय पास्ड, आय वॉज ओव्हर द मून. दहा वेळा लिहा. मीही लिहिलंय, त्यांच्याच वर्गात बसून. नापास झाल्यावर हा वापरायचा नाही, एवढी सूचना ते आवर्जून द्यायचे.

शिकवणाऱ्याचा आनंद मात्र, गगन सोडा, कधी ओठापर्यंतही आला नाही. आमच्याकडे रीतच तशी. हिंगोलीच्या बाजारात हळदीला चढा भाव मिळाला तरी माणूस तोंड पाडून सांगणार, भागलं कसंतरी. हसलं की म्हणे दृष्ट लागते.

तिसऱ्या खेपेला मी तलाठ्याच्या परीक्षेत पास झाले. आधी दोनदा आपटले तेव्हा बाबा काही बोलले नाहीत, ते मी समजून घेतलं. पण आता तरी एक शब्द बोलावा की नाही? हिंगोलीच्या खोलीवरून मी फोन केला, तर पलीकडून आलं, "बरं. जेवली का तू?" माझं डोकंच सणकलं. दोन दिवस फोन केला नाही. तिसऱ्या दिवशी भांडायच्याच तयारीनं आमच्या गावची, गोरेगावची जीप धरली.

आईनं दारातच मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. बाबा ओसरीवर वह्या तपासून राहिले होते. मी पुढ्यात बसून विचारलंच, "बाबा, तुमाला आनंद झाला का न्हाई?"

चष्मा शोधतो म्हणून ते आत गेले. चष्मा नाकावरच होता.

रागारागात मी वरची वही ओढली. माय डॉटर पास्ड. आय ॲम ओव्हर द मून. दहा वेळा. खालची वही उघडली, तेच. त्याखालची, तेच. अख्ख्या वर्गानं लिहिलं होतं. बारा-बारा वर्षांची पोरं, धड नाक पुसता येत नाही, अन् प्रत्येकाची मुलगी पास! खाली बाबांची लाल सही, तारीख माझ्या फोनच्या दुसऱ्या दिवसाची.

मला हसू येत होतं आणि डोळेही गळत होते. भांडण तर पार बोंबललं. इतका आनंद मला निकाल लागला तेव्हाही झाला नव्हता.

बाबा बाहेर आले, माझ्या हातातली वही पाहून उंबऱ्यातच थबकले.

"कोणाला दाखवू नको," ते हळूच म्हणाले. "दृष्ट लागंल."