योगेशनं वाजवलेला पाळणा

आम्ही नारायण पेठेतले. समोरच्याचं आडनाव कळल्याशिवाय आम्हाला चहासुद्धा गोड लागत नाही. त्यामुळे २००३ साली हडपसरच्या आमच्या सॉफ्टवेअर कंपनीत माझ्या शेजारच्या खुर्चीवर ‘योगेश एम.’ येऊन बसला, तेव्हा पहिल्याच दिवशी मी विचारलं, “एम म्हणजे काय हो? महाजन, मराठे, की अजून काही?” तो नुसता हसला. ‘अजून काही’ म्हणताना माझा आवाज कसा लागला होता, ते मला आजही आठवतं.

योगेश यवतमाळचा. काम चोख, बोलणं मोजकं. विश्रांतवाडीत खोली घेऊन एकटा राहायचा, डबाही एकटाच खायचा. गिटार मात्र झकास वाजवायचा. फक्त वाजवायचा, गायचा कधीच नाही. “गाण्यात शब्द आले की लोक प्रश्न विचारतात,” एकदा म्हणाला. मला वाटलं, कलाकारांची नाटकं!

कंपनीच्या वार्षिक कार्यक्रमात निवेदन माझ्याकडे होतं. मीच हातापाया पडून त्याला स्टेजवर चढवलं. त्यानं एक संथ धून धरली. कुठल्याच सिनेमातली नव्हती. अहो, काय वाजवलं त्यानं! वर्षभरात माझ्याशी जे बोलला नव्हता, ते सगळं त्या सहा तारांवर बोलत होता. डोळे मिटलेले, चेहरा पहिल्यांदाच सैल पडलेला. मला त्याचा हेवा वाटला.

तेवढ्यात मागून कुणीतरी गायला लागलं. सफाईच्या नंदामावशी दाराशी उभ्या राहून त्याच धुनेवर शब्द म्हणत होत्या. बाबासाहेबांच्या जन्माचा पाळणा होता तो. गिटार आणि गळा अगदी बरोबर चालले होते. सगळे वळून बघायला लागले. योगेशचा हात थांबला.

“अरे वा! हा पाळणा तुझ्याकडे कुठून आला?” मी माइकवरून विचारलं. शहाणाच ना मी!

“पाळणाबिळणा नाही,” तो म्हणाला. “धून माझी आहे. मावशींचं काहीतरी चुकतंय.”

नंदामावशींनी त्याच्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे. “व्हय साहेब, माझीच गफलत झाली,” म्हणाल्या आणि बादली उचलून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं जिन्यात दिसले. योगेश मान खाली घालून उभा होता. “मावशी, माझी आजी दर जयंतीला म्हणायची तो पाळणा. मला सगळा पाठ आहे. तरी काल मी...”

“ठावं हाय रं लेकरा,” मावशी म्हणाल्या. “तू वाजवलंस तवाच कळलं. पन तू नगं बोलूस. तुला ह्यांच्यात बसायचं हाय.”

मी वरच्या पायरीवर उभा होतो. खाली उतरायची हिंमत मला झाली नाही.