शांत मंडळींचं पोर

माझी आई मार्सली मॅकफी बेटावर फटकळ म्हणून प्रसिद्ध होती. पाद्री दारात आले तरी "आधी बूट पुसा" म्हणायची. पण टेकडीखाली राहणाऱ्या, माणसांची पोरं पळवणाऱ्या अदृश्य लोकांचं नाव तिनं जन्मात घेतलं नाही. आमच्याकडे कोणीच घेत नाही. 'शांत मंडळी' म्हणायचं आणि गप्प बसायचं.

मी आठ महिन्यांचा असताना तिच्याकडून एक चूक झाली. जळणासाठी वाळवलेल्या दलदलीच्या मातीच्या विटा रचता रचता तिनं मला उचललं आणि म्हणाली, "काय गुटगुटीत झालंय माझं बाळ!" पुढचं 'देव राखो' म्हणायचं राहिलं. त्याशिवाय लेकराचं कौतुक करायचं नसतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्याच आठवड्यात मला ताप भरला. उठलो तो एक पाय वाळलेला, नजर शून्यात आणि रडणं थांबता थांबेना. मंडळींनी खरं पोर नेऊन आपलं ठेवलं, यात गावाला शंका उरली नाही.

आजी फ्लोरीकडे उपाय तयारच होता. "ओहोटीला खडकावर ठेवून ये. पाणी चढलं की ते त्यांचं नेतील, आपलं देतील. मागं वळून बघू नकोस."

बाबा हेरिंग मासे पकडायला गेले होते. सकाळी आईनं मला शालीत गुंडाळलं, शेवाळावर ठेवलं आणि निघाली. अर्ध्या वाटेवर थांबली. परत आली तेव्हा पाणी शालीला लागलं होतं.

मला घेऊन ती घरात शिरली तशी आजी कडाडली, "परत आणलंस? अगं, हे आपलं नव्हे!"

"नसू दे. आपलं त्यांच्याकडे आहे ना, आई? मी त्यांचं बुडवलं तर ते आपल्या पोराला काय लोणी भरवतील?"

आजीनं मुकाट ओली शाल उचलून चुलीपाशी वाळत घातली. असं फार क्वचित व्हायचं.

त्यानंतर साय मला आणि पातळ दूध बाकीच्यांना. आईनं मला भिंतीला धरून चालायला शिकवलं. पाचव्या वर्षी मी बोललो. पुढे जाळी विणून पोट भरू लागलो. आईच्या हजरजबाबीपणाचा किस्सा मी हजारदा सांगितला असेल. तिनं आजीला तिच्याच शस्त्रानं गप्प केलं, याचा मला भारी अभिमान.

गेल्या वसंतात आई अंथरुणाला खिळली. दुपारी ओटची लापशी भरवताना मी म्हणालो, "काय गंडवलंस गं तू आजीला!"

"कोणी गंडवलं?" तिनं चमचा बाजूला केला. "खरंच होतं ते. तुला घास भरवताना वाटायचं, तिकडे टेकडीखाली त्यालाही कोणीतरी भरवत असेल." मग म्हणाली, "तू गुणी निघालास. तो कसा निघाला असेल, कोण जाणे."

साठ वर्षं ती हे एकटी वागवत होती, आणि मी लोकांना हसवत फिरत होतो.

"आई, मी तुझाच आहे गं. तापानं झालं ते सगळं."

तिनं माझा हात थोपटला.

"असू दे रे बाळा," ती म्हणाली. "मी कधी दुजाभाव केला का?"