‘काले’ म्हणजे कधी?

फाल्गुनाच्या वद्य पक्षात सूर्य अजून पुरता उग्र झालेला नसतो, परंतु त्याच्या मनातले भूमीला आधी कळते. दिंडोलीच्या पलीकडे, नव्या इमारतींच्या पाठभिंतींना टेकून उरलेल्या दीड बिघ्याच्या तुकड्यात धुडकू रोज पहाटे जाई आणि अन्य कशालाही हात लावण्यापूर्वी सरीत बोट खुपसून पाही. होळीच्या सुमारास बोटाच्या पहिल्या पेराशीच ओल लागत होती. पुढे ती दुसऱ्या पेरापर्यंत खाली गेली. आता संपूर्ण बोट बुडाले तरी माती नखाला चिकटत नव्हती. शेवटचे पाणी दिल्याला सतरा दिवस उलटले होते.

ज्या घरात मुले जगत नाहीत तेथे बालकाला टाकाऊ वस्तूचे नाव ठेवावे, म्हणजे मृत्यू त्याच्याकडे वळून पाहत नाही, अशी खानदेशातील जुनी श्रद्धा. धुडके म्हणजे चिंधी. पारोळ्याजवळच्या एका गावात असे नाव घेऊन जगलेला हा मुलगा सत्ताविसाव्या वर्षी सुरतेस आला, आणि चिंधीचे नाव धारण करणाऱ्या या मनुष्याच्या हातांखालून पुढील चौतीस वर्षे उधन्याच्या यंत्रमागांवर अखंड वस्त्र वाहत राहिले. त्या मागांनी त्याचे कान घेतले. माणसाचे बोलणे ऐकू येईनासे झाल्यावरही कोणता माग बिघडणार हे त्याला कळे. तो लोखंडी चौकटीवर तळवा ठेवी आणि कंपनावरून निदान करी. कारखाना बंद झाला तेव्हा त्याच्याजवळ हे तळवे, नवागामातील दोन खोल्या आणि लहानपणी शिकलेली शेती एवढे शिल्लक होते.

जमीन जीवणभाईंची. अर्ध्या वाट्याने ती त्यांनी धुडकूला कसायला दिली होती, परंतु मन अर्धेच दिले होते. कापडाच्या गठ्ठ्यांसाठी गोदाम बांधू इच्छिणारे लोक त्यांच्या ओसरीवर येऊन बसत. माघात त्यांनी सांगितले होते, “उनाळामां लीलुं देखाय, तो आगळ वात.” उन्हाळ्यात हिरवे दिसले तर पुढचे बोलू. पाडव्यानंतर ते स्वतः पाहावयास येणार होते.

हिरवे दिसावे म्हणून धुडकूने गिलकी, म्हणजे घोसाळी, लावली. नवागामातील खानदेशी घरांत गिलक्याच्या भाजीला मान, आणि वेलही उन्हाळा सोसणारी. मात्र फुलोरा धरताना तिला पाणी हवे म्हणजे हवेच. तीनशे चाळीस वेली बांबूंच्या मांडवावर चढल्या होत्या. त्यांना बांधण्यासाठी त्याने मागांच्या कारखान्यांतून साड्यांच्या कापून टाकलेल्या किनारी आणल्या होत्या, त्यामुळे मांडवाला गुलाबी, निळ्या, जरीच्या गाठी दिसत. पहिली पिवळी फुले नुकतीच उमलू लागली होती.

पाणी कालव्याचे. शेतकऱ्यांची पाणीवाटप मंडळी प्रत्येकाला चौदा दिवसांनी पाळी देई. परंतु यंदा कालव्याची डागडुजी निघाल्याने क्रम विस्कटला. मंडळीचा माणूस ठाकोरभाई म्हणाला होता की पाणी सुटणार असेल तर एक दिवस आधी फोन करीन. पाळी तीन तासांची. ती चुकली तर पुन्हा चौदा दिवस. बोअरचे पाणी खारट होते. ते वेलींना देणे म्हणजे विष देणे. आणि शेजारी विचारावे असे शेत कोणाचे उरले नव्हते. पाटाच्या टोकाचे हे अखेरचे रान. सभोवतीच्या इमारतींना पाण्याची पाळी म्हणजे काय हे ठाऊक नव्हते.

धुडकूला ऐकू येत नसल्याने फोन दिवसभर घरी सुनेजवळ असे. योगिता माघात लग्न होऊन अमळनेरकडून आलेली. मुलगा ललित पांडेसऱ्याच्या गिरणीत जाई, आणि तेथे यंत्रावर फोन घेण्यास मनाई.

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास योगिता भाकरी घेऊन शेतावर आली. नेहमीसारखी बांधावरून हाक न मारता ती सरळ सासूपाशी जाऊन उभी राहिली.

“आत्या, ठाकोरभाईना फोन उना व्हता. आपलं पाणी काल व्हतं म्हने.”

सुभद्राबाईंच्या हातातली खुरपी थांबली. “काल?”

“काल. आपली पाळी व्हती. इतलंच बोलना नि फोन कटी गया. मी फिरून लावा, तर बंद.”

काल, म्हणजे सोमवारी, शेतावर कोणीच नव्हते. बमरोलीला चिंधा नावाच्या एका भाऊबंदाच्या मुलीचा साखरपुडा होता. दोघे सकाळी गेले आणि दिवस मावळताना परतले. सुभद्राबाईंनी नवऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन त्याला ते सांगितले. दोनदा सांगावे लागले. पहिल्यांदा ऐकू आले नाही म्हणून, की त्याला ऐकायचे नव्हते म्हणून, हे त्यांना कळले नाही.

तो उठून पाटाकडे गेला. पाटाचा तळ मध्येमध्ये ओला होता, चिखलावर बगळ्याची पावले उमटली होती. आपल्या रानाचे लोखंडी दार जसे बंद केले होते तसेच बंद होते. वरच्या कोणाचे पाणी पाझरून ही ओल आली असेल, की पाणी येथवर येऊन, दार बंद पाहून, नाल्यात निघून गेले असेल? चिखलावर याचे उत्तर लिहिलेले नव्हते. परंतु भयभीत मनुष्य चिखलातही आपल्या भयाचीच अक्षरे वाचतो. पाणी येऊन गेले, असे धुडकूने ठरवून टाकले.

“जीवणभाईले विचारू?” सुभद्राबाई म्हणाल्या.

“काय विचारशी? पाळी चुकनी, हे त्यालेच सांगू?”

त्याने विळा घेतला. दुष्काळाच्या वर्षी बाप काय करी हे त्याला आठवत होते. जमिनीत जी ओल शिल्लक आहे ती सर्वांना पुरणारी नसेल, तर एकाआड एक सरीतल्या वेली कापाव्या. उरलेल्या सरीला तिच्या शेजारणीचा वाटा मिळतो आणि निम्मा मळा तरी तगतो. पाटाच्या दूरच्या टोकाच्या सरीपासून त्याने प्रारंभ केला. हातभर बुंधा ठेवून तो वेल छाटी, पुढे सरके, पुढची छाटी. कापलेल्या वेली मांडवावर तशाच लोंबकळत राहत. फुले क्षणभर काही जाणत नसत, आणि मग हळूहळू माना टाकीत. दोन महिने ज्या हातांनी एकेक तंतू बांबूला शिकवला, त्या हातांना हे काम करताना घाई झाली होती. सावकाश केले असते तर ते झालेच नसते.

योगिता बांधावर बसून हे पाहत होती. तिच्या डोळ्यांना धार लागली. “मीच अभागी. तो बोलना तवढ्यात धावत येवाले पायजे व्हतं.”

“काल गयेलं पाणी तू आज धावून काय पकडशी?” सुभद्राबाई म्हणाल्या, आणि म्हणता म्हणता थबकल्या. ठाकोरभाईला त्या वीस वर्षे ओळखत होत्या. पाणी निघून गेल्यावर फोन करून सांगण्याएवढी सवड आणि माया त्या मनुष्याच्या अंगी त्यांनी कधी पाहिली नव्हती. “तो काय बोलना? तसंच्या तसं सांग. त्यान्हा तोंडना शब्द.”

“तो म्हने, ‘काले पाणी, तमारो वारो.’”

“काले, का काल?”

“एकच ना, आत्या? हे लोक हर शब्दले शेपूट लावतस.”

सुभद्राबाई जागच्या जागी खाली बसल्या. “अवं माय. इठे काले म्हने सकाय.”

सकाय म्हणजे उद्या. दोन महिन्यांपूर्वी या नगरीत आलेल्या मुलीने आपल्या माहेरच्या भाषेतला शब्द परक्या तोंडात ऐकला आणि तो ओळखीचा म्हणून घरी आणला. तिचा दोष तो काय? सुभद्राबाई धावत मांडवाच्या टोकाशी गेल्या आणि त्यांनी नवऱ्याचे मनगट धरले. त्याने सारे ऐकून घेतले. त्याचा चेहरा उजळला नाही.

“काले म्हने सकाय,” तो म्हणाला, “आणि काल बी. गयेलं बी काले, येनारं बी काले. चौतीस वरीस ऐकी ऱ्हायनू.”

हे खरे होते. गुजरातीत तो एकच शब्द दोन्ही दिवसांना पुरतो, आणि कोणता दिवस हे क्रियापद सांगते. ठाकोरभाईने क्रियापद वापरले नव्हते. संस्कृताने कालसाठी ‘ह्यः’ आणि उद्यासाठी ‘श्वः’ असे दोन निःसंदिग्ध शब्द दिले होते. लोकांनी ते टाकले आणि ‘कल्य’ घेतला. कल्य म्हणजे पहाट. आजच्या अलीकडे एक पहाट असते, पलीकडेही एक असते, आणि एकाच शब्दाने मराठी माणूस मागे वळून पाहतो, तर गुजराती माणूस दोन्हीकडे. व्युत्पत्तीच्या दृष्टीने यात रम्यता आहे. परंतु हातात विळा घेऊन मांडवाखाली उभ्या असलेल्या मनुष्याला एकच जाणायचे होते, की आपली पहाट होऊन गेली की व्हायची आहे.

योगिताने पुनःपुन्हा फोन लावला. ठाकोरभाईचा फोन बंदच. मंडळीची कचेरी सकाळी दोन तास उघडे, ती वेळ टळली होती. दुपारच्या सुट्टीत ललितचा फोन आला, सारे ऐकून त्याने हसून विचारले, “काले एटले क्यारे, ते पूछ्युं नहीं?” आईने त्याला मराठीत जे सुनावले त्यानंतर तो हसला नाही.

एकोणीस वेली कापून झाल्या होत्या. पाणी कालच गेले असेल तर हात थांबवणे हा अपराध. प्रत्येक घटकेस उरलेल्या वेली उरलीसुरली ओल पिऊन टाकीत होत्या. पाणी उद्या येणार असेल तर हात चालवणे हा अपराध. धुडकूने विळ्याची धार अंगठ्याने पुसली. मग त्याने विळा मांडवात खोचला आणि फावडे घेतले.

“ठरनं?” बायकोने विचारले.

“नही,” तो म्हणाला. “पण पाणी उनं नि पाट तुंबेल ऱ्हायना, तर ते बी आपलंच पाप.”

दिवस मावळेपर्यंत तिघांनी पाट स्वच्छ केला. इमारतींवरून पडलेल्या पिशव्या, नारळाच्या करवंट्या, कोणाची चप्पल, सारे बाहेर काढले. सऱ्यांची तोंडे नीट केली. परततानाही धुडकूने सरीत बोट खुपसून पाहिले, आणि सुभद्राबाईंनी काय लागले ते विचारले नाही.

बुधवारी सूर्योदयाला तिघे पाटाच्या दाराशी होते. गिलक्याची फुले पहाटे उमलतात. तीनशे एकवीस वेलींवर ती उमलली होती, आणि दूरच्या टोकाला एकोणीस ठिकाणी वाळकी पाने लोंबत होती. आठ वाजले. पाट कोरडा. नऊ वाजता कालचा ओला चिखलही भेगाळू लागला. सुभद्राबाईंनी मांडवातला विळा काढून पदराखाली घेतला होता. नवऱ्याच्या हाती तो लागू नये म्हणून, की लागलाच तर आपण द्यावा म्हणून, हे त्यांनाही सांगता आले नसते. फुले मिटू लागली. योगिता फोन दोन्ही हातांत धरून बसली होती आणि तो वाजत नव्हता.

धुडकू दारापाशी उकिडवा बसला आणि त्याने लोखंडावर तळवा ठेवला. मागाच्या चौकटीवर ठेवी तसा, बोटे पसरून, डोळे मिटून. असा तो किती वेळ बसला कोण जाणे. दोन्ही बायकांना इमारतींच्या बांधकामाचा आवाज तेवढा ऐकू येत होता. एकदम तो म्हणाला, “उनं.” आले.

“कोठे शे?” पाट कोरडाच होता.

“उनं,” तो पुन्हा म्हणाला आणि दार उचलू लागला. वळणावरून फेस, काटक्या आणि एक फुटका डबा घेऊन पाणी दिसले तेव्हा दार अर्धे उघडून झाले होते.

पाण्यापाठोपाठ मोपेडवरून ठाकोरभाई आला. फोन का बंद होता असे विचारताच तो वैतागून म्हणाला, “अरे, काले तो कीधेलुं, काले पाणी.”

योगिताने ते वाक्य मनाशी घोळवले. पहिले काले, त्याने सांगितले तेव्हाचे, गेलेले. दुसरे काले हे समोरून वाहत होते. ती उठून उभी राहिली.

“पुढची पाळी कधी, भाई?”

“हवे पछी...” आता यानंतर, अशी त्याने सुरुवात केली.

“तारीख सांगा,” ती म्हणाली. “वार बी नको. तारीख.”

ठाकोरभाईने तिच्याकडे नीट पाहिले आणि तारीख सांगितली. तिने ती त्याच्यासमोर फोनमध्ये लिहून घेतली.

तीन तासांत दीड बिघा भिजवायचा होता. धुडकू अनवाणी सरीतून सरीकडे जात, मातीचे दार मोडीत आणि धरीत होता. अखेरच्या सरीशी तो आला. तेथे कापलेले एकोणीस बुंधे होते, हातभर उंचीचे, किनारींच्या रंगीत गाठींसह. घड्याळात पाऊण तास उरला होता, आणि अलीकडच्या दोन सऱ्या अजून कोरड्या होत्या. जीवणभाई येतील तेव्हा हे टोक त्यांच्या दृष्टीस पहिल्याने पडणार, कारण रस्ता तिकडूनच होता. बुंध्यांना तोवर कोंब फुटतील की नाही, हे कोणी सांगू शकत नव्हते.

त्याने फावड्याने त्या सरीचे तोंड उघडले.

“अहो, आधी जित्यास्ले पाजा,” सुभद्राबाई बांधावरून ओरडल्या. “ते तर कापेल शेतस.”

धुडकूने वळून पाहिले, आपल्या कानाकडे बोट केले, ऐकू येत नाही अशी मान हलवली, आणि पाणी त्या एकोणिसांच्या बुडाशी पोचेपर्यंत तेथेच उभा राहिला.