मार्फत मुकादम

आमच्या घराण्यात बी.ए. झालेला मी पहिला, आणि हे आजही मी ताठ मानेने सांगतो. त्या बी.ए.वरच नव्वदच्या आसपास भिवंडीतल्या एका लूम कारखान्यात मला कारकुनी मिळाली. कामगारांचे अर्ज लिहायचं काम मग आपोआपच माझ्याकडे आलं.

एकदा एक विणकर आला. मुकादमाच्या भाच्याला त्याने सूत चोरताना पाहिलं होतं, आणि तेव्हापासून भाचा जिवे मारायच्या धमक्या देत होता. चोरीबद्दल विणकराला काही म्हणायचं नव्हतं, फक्त शिफ्ट वेगळी हवी होती. "वो मुझे छोडेगा नहीं, बाबूजी," एवढंच म्हणाला.

मी फर्मास अर्ज लिहिला. धमकीचे शब्द, भाच्याचं नाव, सगळं घातलं. वर शेठचं नाव आणि त्याखाली, कॉलेजात शिकलो होतो तसं, 'मार्फत मुकादम'. नेऊनही मीच दिला. "वा, ग्रॅज्युएटसाहेब, अक्षर मोत्यासारखं हाय तुमचं," म्हणत मुकादमाने तो घडी करून खिशात टाकला. मला बरं वाटलं.

शिफ्ट बदलली नाही. आठव्या दिवशी भरदुपारी भाच्याने विणकराला त्याच्याच लूमशेजारी लोखंडी दांड्याने मारलं. तो जागीच गेला.

शेठ म्हणाले, आमच्याकडे तक्रारच आली नव्हती. मुकादम म्हणाला, कसला अर्ज? पोरांचं तिथल्या तिथं पेटलेलं भांडण ते. मला दोघांचाही संशय. शेठ बोलताना माझ्याकडे बघत नव्हते, मुकादम जरा जास्तच बघत होता. आणि कामगार? मी आलो की गप्प व्हायचे. चुगली बाबूनेच केली, असं त्यांचं ठरलं होतं, हे मला उशिरा उमगलं.

अर्जाची कार्बन कॉपी माझ्या टेबलात होती. ती पोलिसांना दिली की नोकरी गेली, एवढं तर कळत होतं. पण हात अडत होता तो त्या 'मार्फत'पाशी. कॉपी घरी नेली आणि वडिलांना वाचून दाखवली. त्यांना अक्षरओळख नव्हती.

"ज्याचा भाचा हाय, त्याच्याच हातात दिलास?"

मी कॉपीची घडी घातली.

"मंग आता तरी नीट माणसाला दे."

सकाळी पोलीस ठाण्यात फौजदारांनी कॉपी वाचली. त्या ओळीवर पेन टेकवून विचारलं, हे असं लिहायला कोणी सांगितलं?

"कोणी नाही. माझ्याच मनाने लिहिलं."

ते वाक्य मी जबाबात जसंच्या तसं घ्यायला लावलं, आणि खाली सही केली.