ताईंना विचारा

ऑफिसात तिला सगळे ताई म्हणत, पाठीमागे चाळणी. रक्तपेढ्यांसाठीचा प्रोग्राम होता. त्याच्या कोडची एकही ओळ गेली एकोणीस वर्षं तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय पुढे सरकली नव्हती. ती फक्त विचारायची, "हे कशाला?" उत्तर पटलं नाही की ओळ परत.

आता ते काम एक टूल करणार होतं. कोड तपासायचा, चुका दाखवायच्या, कुठला भाग काय करतो ते लिहून ठेवायचं. ते बसवायचं काम तिच्याकडेच आलं.

"म्हणजे आपली सवत आपणच घरात आणायची," शेजारच्या टेबलावरचा दाढीवाला म्हणाला.

"येऊ दे. निदान ती तुझ्यासारखी चहाला जाऊन हरवणार नाही."

नियमही तिनेच घातले. टूलच्या सूचनेला नाही म्हणायचं तर कारण द्यायचं. शुक्रवारी पाचपर्यंत कारण आलं नाही, तर सूचना मान्य आणि बदल लागू. टंगळमंगळ करणाऱ्यांना चाप बसावा म्हणून. मॅनेजर खूश झाला. सगळ्यांना मेल गेला.

मंगळवारी टूलने सगळा कोड वाचला. तीनशे पानं लिहिली. एकेचाळीस ठिकाणी मात्र अडलं. तिथे कारण लिहायच्या जागी कुणी ना कुणी एकच वाक्य लिहून ठेवलं होतं: ताईंना विचारा.

हशा पिकला. तीही हसली. खुर्ची पुढे ओढून लिहायला बसली. बुधवारी दुपारपर्यंत चाळीस कारणं लिहून झाली.

एकेचाळिसावं येईना.

रक्ताच्या पिशवीचा बारकोड दोनदा वाचला जाई, मग लेबल छापलं जाई. दुसरं वाचन पहिल्यानंतर दोन सेकंदांच्या आत आलं, तर प्रोग्राम ते नाकारत असे. टूलने लिहिलं होतं: ही अट विनाकारण दिसते. काढून टाकावी.

तिने डोळे मिटले. काहीच नाही. कोरी पाटी.

आईचं असंच सुरू झालं होतं. आधी चष्मा फ्रिजमध्ये सापडला. मग शेजारणीचं नाव गेलं. तेव्हा आई बावन्न वर्षांची होती. ताईला गेल्या महिन्यात बावन्न पूर्ण झाली.

संध्याकाळी जेवताना तिने नवऱ्याला विचारलं, "आपला पहिला फोन नंबर काय होता?"

"का गं?"

"सांग ना."

"मला माझा आत्ताचा पाठ नाही," तो हसला. ती हसली नाही. तिला पहिले चार आकडे येत होते. पुढचे येत नव्हते.

खिडकीपाशी बसलेल्या आईने मान वळवली. "अहो बाई, तुम्ही जेवलात का?"

"जेवले, आई."

गुरुवारी तिने कारण टाइप केलं: सुरक्षेसाठी आवश्यक. बराच वेळ त्याकडे पाहत राहिली. असली कारणं तिने शंभर वेळा लोकांच्या तोंडावर परत फेकली होती. तिने ते खोडलं.

जुन्या नोंदी उघडायचं ती टाळत होती. ती ओळ आपणच लिहिलेली निघाली तर? शुक्रवारी सकाळी धीर करून उघडल्या. ओळ अकरा वर्षांपूर्वीची. लिहिणारा माणूस कधीच नोकरी सोडून गेलेला. 'ताईंना विचारा' हेही त्यानेच लिहिलं होतं. तिला काही न सांगता.

ती विसरली नव्हती. तिला माहीतच नव्हतं. जीव भांड्यात पडला.

मग तिने खालची ओळ वाचली. तपासणी: तिचं नाव. मंजूर.

'ताईंना विचारा' यातलं स्वतःचंच नाव वाचून तिने ओळ पुढे जाऊ दिली होती. हे कशाला, ते विचारलंच नव्हतं.

दुपारी ती जवळच्या रक्तपेढीत गेली. दोघी तंत्रज्ञ लेबलं लावत होत्या. थोरलीने पिशवीवर स्कॅनर धरला. टिक. तो धाकटीच्या हातात दिला. टिक.

"तुम्हीच दोनदा दाबून दाखवता?" ताईने विचारलं.

थोरलीने दाबून ठेवलं. टिक टिक. पडद्यावर लाल पट्टी आली.

"ते होय? बरंच आहे की ते," थोरली म्हणाली. "पिशवी दोघींनी बघायचा नियम आहे. गर्दीत बोट दाबलेलंच राहतं. ही पट्टी आली नाही, तर माझंच बघणं दोघींचं धरलं जाईल. हिने पिशवी बघितलेलीही नसेल."

"आणि चुकीच्या गटाची असली तर?"

"तर तशीच जाईल माणसापर्यंत."

"हिच्या हातात स्कॅनर यायला दोन सेकंद लागतातच ना?"

"दोन? ही गावभर बोलून येते."

"घ्या, आता माझ्यावर खापर!" धाकटी म्हणाली.

ताई परतली तेव्हा साडेचार वाजले होते. तिने सगळं लिहिलं. दोन माणसं, एक स्कॅनर, दाबलेलं बोट. टूलचं उत्तर आलं: कारण स्वीकारलं. अट कायम.

मग तिने टूलने लिहिलेली तीनशे पानं उघडली. सगळी वाक्यं ठाम, गुळगुळीत. 'माहीत नाही' असं एकाही पानावर नव्हतं. नोंदींत प्रत्येक ओळीखाली मात्र तिचं नाव होतं. मंजूर. मंजूर. मंजूर.

"ताई, सहा वाजले," दाढीवाला बॅग उचलत म्हणाला. "सुटलात की आता. घरी नाही जायचं?"

"तू हो पुढे," ती म्हणाली. "मी आणखी काय काय न विचारता सोडलंय, ते बघते."