हळदीच्या दिवशी सापडलेली बॅटरी

माझ्या कवटीला दोन भोकं पाडून मुंबईच्या डॉक्टरांनी आत मेंदूत तारा सोडल्या. त्या कानामागून, मानेच्या कातडीखालून खाली येतात आणि गळ्याच्या हाडाखाली पुरलेल्या काडेपेटीएवढ्या बॅटरीला मिळतात. बॅटरी मेंदूला बारीक विजेचे ठोके देत राहते. आठवड्याला दोनदा येणारी फिट वर्षभरात दोन-तीन महिन्यांतून एकदा यायला लागली. गोळ्या सुटल्या नाहीत, पण जगता यायला लागलं. त्याआधी फिट आली की नाकाला चप्पल लावायचे. आमच्या आळीत कुणाच्या चपलेला कसा वास येतो, हे माझ्याएवढं कुणालाच ठाऊक नाही.

लग्नाचं बघायला लागले तशी आईनं ताकीद दिली, तोंडातून अक्षर काढायचं नाही. बंद गळ्याचे चार ब्लाउज शिवून आणले. मी कसली ऐकतेय! स्थळ पेणकडचं, ट्रक चालवणाऱ्या घरातलं. मुलाला मी रेवदंड्याच्या बंदरावर बोलावलं आणि वाळत घातलेल्या बोंबलांशेजारी उभी राहून सगळं सांगितलं. त्याचं बोट धरून बॅटरीवर ठेवलं. तो म्हणाला, "मला चालतंय. घरच्यांचं मी बघतो." मला तो आवडला. गाढव मी, दुसरं काय.

आई लपवाछपवीत पक्की, पण हळदीचा विचार काही तिच्या डोक्यात आला नाही. गळा झाकून हळद कशी लागणार? त्याच्याकडच्या बायका उष्टी हळद घेऊन आल्या. मी जुनी साडी गुंडाळून पाटावर बसले. त्याची आत्या मोठ्या हौसेनं दोन्ही हातांनी माझ्या गळ्याला, खांद्याला हळद चोळत होती. मधेच तिचा हात अडकला.

"ह्ये काय हाय गं? गाठ?"

आई लगेच पुढं झाली. "लहानपणी पडली होती. हाड वाकडं जुळलंय."

माझं टाळकं सरकलं. मी म्हटलं, "बॅटरी आहे, आत्या. मला फिट येते. तुमच्या भाच्याला सगळं ठाऊक आहे, विचारा त्याला."

गाणी थांबली. आत्यानं पदराला हात पुसले, फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. मला जराही भीती वाटत नव्हती. उलट, बरं झालं एकदाचं, असंच वाटत होतं. आत्यानं भाच्याला विचारलं, "तुला ह्ये ठाऊक हाय?"

"न्हाय आत्या," तो म्हणाला. "मला कुणी काय सांगितलं न्हाय. फसवलंय त्यांनी आपल्याला."

बायका हळदीचं ताट उचलून निघून गेल्या. कुणी पाणीसुद्धा घेतलं नाही. आई माझ्याशेजारी बसली आणि ओल्या फडक्यानं माझा गळा पुसायला लागली. मला वाटलं, आता तरी ही त्या मेल्याला चार शिव्या हासडेल.

ती म्हणाली, "तुला नुसतं वाटत असेल, त्याला सांगितलंस असं. तुझ्या डोक्याचा काय भरवसा."