कातोचा बाबा वाटेत आहे

आमच्या न्येंडो गावात मोटारसायकलचे सुटे भाग विकणारे पुष्कळ आहेत, पण कार्टूनमधल्या बोकडाचं नाव दुकानाला देणारा लुबोवा एकटाच. पाटीवर होडी रंगवलेली, होडीत पोरगा आणि बोकड, आणि खाली 'कातो आणि मंत्री स्पेअर्स'. नवं गिऱ्हाईक विचारतं, मंत्री कोण? मग लुबोवा हातातली क्लचप्लेट खाली ठेवून सुरू होतो आणि गिऱ्हाईकाची गाडी तशीच उघडी पडून राहते. माझं शिवणयंत्र समोरच्याच ओट्यावर आहे. ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे, की झोपेतही सांगेन.

ते कार्टून आम्ही लहानपणी कासिर्येच्या व्हिडिओ हॉलमध्ये पाहिलं. हॉल म्हणजे पत्रे, फळकुटांचे बाक आणि घामाचा वास. कॅसेट कुठल्या देशाची होती, देव जाणे. तिची भाषा कुणालाच कळत नव्हती, कासिर्येला तर मुळीच नाही. पण तो व्हीजे होता. टीव्हीशेजारी माईक घेऊन बसायचा आणि पडद्यावर चाललेलं सगळं आमच्या लुगांडा भाषेत सांगायचा. एक पोरगा बापाला शोधत बेटाबेटांवर हिंडतोय, एवढं चित्रांवरून दिसत होतं. बाकी सगळी कासिर्येची कृपा. पोराचं नाव त्यानेच कातो ठेवलं. बोकड दिसेल ते खायचा आणि काम निघालं की फळीखाली दडायचा, म्हणून तो मंत्री.

लुबोवा नेहमी पहिल्या बाकावर. तो सहा वर्षांचा असताना त्याचा बाप सायकलचा टायर आणतो म्हणून कंपालाच्या वाटेवरच्या लुकायाला गेला होता. टायर फारच पारखून घेत असावा. तिथे त्याला दुसरी बायको मिळाली, मुलं झाली आणि तो हमरस्त्यावर बसच्या खिडक्यांशी भाजलेली कोंबडी विकू लागला. अर्ध्या न्येंडोने त्याच्या हातची कोंबडी खाल्ली आहे. मीही खाल्ली आहे. मीठ जास्त असतं.

तर हा पोरगा, गोष्ट ऐन रंगात आली की ओरडायचा, "त्याचा बाबा आला का?" कासिर्ये माईकवरूनच सांगायचा, "येतोय. गप्प बस." असं रोज.

शेवटच्या भागात बाबा आला. दीपगृहातल्या दाढीवाल्या म्हाताऱ्याने दार उघडलं आणि कासिर्येच्या आवाजात म्हणाला, "मीही तुलाच शोधायला निघालो होतो रे. वाटेत आपली चुकामूक झाली." तेवढ्यात जनरेटर बंद पडला. आम्ही अंधारातच टाळ्या वाजवल्या. लुबोवा ते वाक्य घेऊन घरी गेला आणि त्याच्यावर त्याने पुढचं सगळं आयुष्य काढलं. लग्नात बापासाठी पहिल्या रांगेत खुर्ची राखली, समोर केळीच्या पानात वाफवलेलं कच्च्या केळ्यांचं मटोके वाढलं. ते गार झालं, मग माझ्या मामाने खाल्लं. बायको म्हणाली, तुम्हीच लुकायाला जाऊन भेटा ना. तर म्हणे, मी इकडून निघायचो आणि नेमके ते तिकडून निघायचे, पुन्हा चुकामूक. कंपालाला जाताना लुकाया आलं की हा बसची खिडकी लावून घेतो. धूळ येते म्हणे.

गेल्या महिन्यात त्याने कंपालाहून ते अख्खं कार्टून पेनड्राइव्हवर मिळवलं, तेही खाली इंग्रजी अक्षरांसकट. आता खरे संवाद कळणार, म्हणून कोण आनंद! रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपल्यावर दुकानात टीव्ही लावला आणि आम्हा जुन्या बाकावरच्यांना बोलावलं. कासिर्ये आता बसस्टँडवर चपात्या लाटतो. त्याने आधी गुडघ्याचं कारण सांगितलं, मग पोटाचं. लुबोवाने मोटारसायकल पाठवून त्याला उचलून आणला.

पहिल्याच भागात कातोचं नाव यान निघालं. मंत्री तर चक्क शेळी, नाव बर्टा. आम्ही पोट धरधरून हसलो. ज्या वादळाला भिऊन मी आईला बिलगून झोपले होते, त्यात एकच लाट पुन्हा पुन्हा येत होती. हे बघायला आम्ही शाळा बुडवली होती. लुबोवा मात्र हसत नव्हता. तो शेवटच्या भागाची वाट बघत होता.

दाढीवाल्या म्हाताऱ्याने दार उघडलं. खाली अक्षरं उमटली, 'या नावाचा माणूस इथे कधीच आला नाही. वारा पडायच्या आत घरी जा.' पोराने होडी वळवली. होडी लहान लहान होत गेली आणि कार्टून संपलं.

माझ्या जिभेवर एक झकास टोमणा तयार होता. तो मी गिळला. मला त्या लुकायावाल्याचा फार राग आला.

"काका, तुम्हाला हे ठाऊक होतं?" लुबोवाने विचारलं.

"भाषा येत नव्हती," कासिर्ये म्हणाला. "पण पोरगा एकटाच परत जातोय, हे डोळ्यांना दिसतं की. जनरेटर मीच बंद केला होता."

"कशासाठी?"

"तू रोज विचारायचास. मला कंटाळा आला होता तुझ्या प्रश्नाचा. आणला तुझा बाबा."

लुबोवाने पाटीकडे पाहिलं. मग म्हणाला, "लुकायाचा रस्ता नाकासमोर सरळ आहे, काका. तिथं चुकामूक व्हायला जागाच नाही."

लुकायाचं नाव त्याच्या तोंडून असं मी पहिल्यांदाच ऐकलं. म्हणजे बापाची कोंबडी, दुसरा संसार, हा सगळं जाणून होता, आणि आम्ही मारे त्याच्यापासून लपवत होतो.

"रस्त्यावर नाही होत," कासिर्ये म्हणाला. "समुद्रात होते."

लुबोवाने रिमोट उचलला. खालची अक्षरं घालवली, आवाज बंद केला आणि शेवटचा भाग पुन्हा पहिल्यापासून लावला. मग खोक्यातून हँडलची एक रबरी मूठ काढून कासिर्येच्या हातात दिली. कासिर्येने ती तोंडाशी धरली, घसा खाकरला आणि बसलेल्या आवाजात सुरू झाला. होडी डुलू लागली. मंत्र्याने दोर खायला घेतला. दीपगृह अजून पुष्कळ लांब होतं.

"त्याचा बाबा आला का?" लुबोवाने विचारलं. त्याची दाढी आता त्या म्हाताऱ्याइतकीच पांढरी व्हायला आली आहे.

"येतोय," कासिर्ये म्हणाला. "गप्प बस."